राज्याएवढे शहर : नवी मुंबईची लोकसंख्या आणि भारतातील छोटी राज्ये

२०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत ११ लाख २० हजार ५४७ माणसे मोजली गेली. त्याच जनगणनेत मिझोरम या संपूर्ण राज्याची लोकसंख्या १० लाख ९७ हजार २०६ भरली. म्हणजे दिघ्यापासून बेलापूरपर्यंतच्या, लोकलने अर्ध्या-पाऊण तासात ओलांडता येणाऱ्या पट्ट्यात एका राज्यापेक्षा २३ हजारांहून अधिक माणसे राहत होती. सिक्कीमची लोकसंख्या तेव्हा ६ लाख १० हजार ५७७ होती. नवी मुंबई त्याच्या पावणेदोनपटीहून जास्त भरते.

जमिनीचे माप घेतले की चित्र उलटते. मिझोरमचे क्षेत्रफळ २१,०८१ चौरस किलोमीटर, म्हणजे पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सगळ्या कोकण विभागाच्या सुमारे दोन तृतीयांश. नवी मुंबई महापालिकेचे क्षेत्र साधारण १०९ चौरस किलोमीटर. मिझोरमच्या पोटात अशा १९० हून अधिक नवी मुंबया मावतील. मिझोरममध्ये एका चौरस किलोमीटरवर ५२ माणसे राहत होती, नवी मुंबईत दहा हजारांच्या वर. सिक्कीमचा विस्तार समजून घ्यायला नवी मुंबईकरांना फार लांब पाहावे लागत नाही. शेजारचा रायगड जिल्हा ७,१५२ चौरस किलोमीटरचा आहे आणि सिक्कीम ७,०९६ चौरस किलोमीटरचे. आकाराने जवळजवळ सारख्या असलेल्या या दोन प्रदेशांपैकी रायगडमध्ये २०११ साली २६ लाख ३४ हजार लोक होते, सिक्कीममध्ये त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी.

नवी मुंबईने ही राज्ये एकेक करून मागे टाकली आणि तीन जनगणनांमध्ये तो क्रम स्पष्ट दिसतो. १९९१ मध्ये नवी मुंबईची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८ हजार होती, सिक्कीमची ४ लाख ६ हजार आणि मिझोरमची जवळपास ६ लाख ९० हजार. तेव्हा शहर दोन्ही राज्यांच्या मागे होते. २००१ मध्ये नवी मुंबई ७ लाख ४ हजारांवर पोहोचली आणि ५ लाख ४१ हजारांच्या सिक्कीमला तिने मागे टाकले. मिझोरम ८ लाख ८९ हजारांसह अजून पुढे होते. पुढच्या दहा वर्षांत तेही मागे पडले. मिझोरम काही संथ वाढणारे राज्य नव्हते. २००१ ते २०११ या काळात त्याची लोकसंख्या २३ टक्क्यांहून अधिक वाढली आणि देशाची सरासरी वाढ त्याहून कमी होती. नवी मुंबईची वाढ मात्र ५९ टक्के झाली.

एवढी वाढ नुसत्या जन्मांनी होत नाही. माणसे बाहेरून येऊन वसावी लागतात. नवी मुंबई तर मुळात त्यासाठीच आखलेले शहर आहे. १९६१ साली मुंबईची लोकसंख्या साडेएक्केचाळीस लाख होती, १९७१ साली ती ६० लाखांच्या घरात गेली. तीन बाजूंनी पाणी असलेल्या या शहराला पसरायला एकच दिशा होती, ती उत्तरेची, आणि कामाची ठिकाणे सगळी दक्षिण टोकाला. खाडीपलीकडे वस्ती नेण्याची कल्पना त्यातून आली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने ठाणे खाडीवर पूल बांधून पलीकडे नगर वसवण्याची शिफारस केली होती. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघा नगररचनाकारांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून बंदराच्या पूर्वेला जुळे शहर उभारण्याचा आराखडा मांडला. धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनेही मुंबईचा भार प्रदेशात वाटण्याचा विचार पुढे नेला. १७ मार्च १९७० रोजी सिडको या सरकारी नगरविकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील ९५ गावांची मिळून ३४४ चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी निश्चित झाली. आराखड्यात या शहराची लोकसंख्या २० लाख धरलेली होती.

ही जमीन मोकळी नव्हती. आगरी-कोळी समाजाची गावे, भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांच्यावर हे शहर उभे राहिले. संपादनाच्या मोबदल्यावरून जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन झाले. जासई परिसरातील पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. प्रकल्पग्रस्तांना विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा परत देण्याची योजना या संघर्षातून आली. आज गावठाणांना लागून साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या असलेल्या इमारतींमध्ये शहराच्या लोकसंख्येचा मोठा भाग राहतो. त्यामुळे नवी मुंबईची लोकसंख्या मोजताना नव्या सेक्टरांत आलेल्यांइतकीच आधीपासून तिथे असलेली आणि शहराने वेढलेली गावेही ध्यानात घ्यायला हवीत.

आराखडा कागदावर २० लाखांचा असला तरी पहिली वीस वर्षे शहर धिम्या गतीने भरले. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये सुरू झाला. ऐंशीच्या दशकात कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार आणि पुढे भाजीपाला, फळे, मसाला, धान्य अशी सगळी बाजारपेठ मुंबईतून वाशीला आली. न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. तरीही रोज मुंबईत कामाला जाणारा माणूस लोकलशिवाय खाडीपलीकडे बिऱ्हाड करायला तयार नव्हता. मे १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीला पहिली लोकल धावली, पुढच्या वर्षी ती बेलापूरपर्यंत आणि १९९८ मध्ये पनवेलपर्यंत गेली. २००४ च्या अखेरीस ठाणे-वाशी मार्गही सुरू झाला. या रेल्वेच्या खर्चाचा दोन तृतीयांश भार सिडकोने उचलला होता. १९९१ ते २००१ या दहा वर्षांत लोकसंख्या तीन लाखांवरून सात लाखांवर गेली, त्यामागे लोकलचा वाटा सर्वांत मोठा मानावा लागतो. सिक्कीमला मागे टाकणारे दशक आणि खाडी ओलांडणारी रेल्वे हे दोन्ही एकाच काळातले आहेत.

इथे एक अडचण येते. ‘नवी मुंबई’ म्हणजे नेमके कोणते क्षेत्र? पत्त्यावर नवी मुंबई लिहिणारे सगळे लोक नवी मुंबई महापालिकेचे मतदार नसतात. महापालिकेची स्थापना १७ डिसेंबर १९९१ ची, कारभार १ जानेवारी १९९२ पासूनचा. सिडकोच्या ३४४ चौरस किलोमीटरपैकी ठाणे जिल्ह्यातला भागच तिच्याकडे आला: दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, तुर्भे, सानपाडा, नेरूळ आणि बेलापूर. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, उलवे, द्रोणागिरी हे नोड सिडकोने त्याच शहराचे भाग म्हणून वसवले, पण ते रायगड जिल्ह्यात पडतात आणि महापालिकेच्या हद्दीबाहेर राहिले. २०११ च्या जनगणनेत तर ‘नवी मुंबई पनवेल रायगड’ अशा लांबलचक नावाचे एक वेगळे जनगणना नगर दाखवले आहे. त्याची लोकसंख्या १ लाख ९५ हजार होती आणि ती महापालिकेच्या ११ लाखांत धरलेली नाही.

१ ऑक्टोबर २०१६ रोजी जुनी पनवेल नगरपालिका, सिडकोचे आसपासचे नोड आणि २९ गावे मिळून पनवेल महापालिका झाली. २०११ च्या मोजणीनुसार या क्षेत्रात ५ लाख १० हजारांच्या आसपास लोक होते. नवी मुंबई आणि पनवेल या दोन शेजारी महापालिकांची बेरीज १६ लाख ३० हजारांच्या घरात जाते. त्याच वर्षी अरुणाचल प्रदेशची लोकसंख्या १३ लाख ८४ हजार होती आणि गोव्याची १४ लाख ५९ हजार. हद्दीची रेघ खारघरच्या अलीकडे ओढली तर शहर मिझोरमएवढे होते, पनवेलच्या पलीकडे ओढली तर ते गोव्याला मागे टाकते. माणसे तीच असतात, मोजणारी चौकट तेवढी बदलते.

चौकट आणखी मोठी केली तर तुलना वेगळ्याच पातळीवर जाते. जनगणनेत एकमेकांना लागून वाढलेल्या शहरांचा मिळून ‘नागरी समूह’ धरतात. २०११ च्या बृहन्मुंबई नागरी समूहात मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही आठ शहरे होती आणि त्यांची एकूण लोकसंख्या १ कोटी ८३ लाख ९४ हजार ९१२. वसई-विरार, भिवंडी आणि पनवेल त्यात नव्हतेच. आता ईशान्येकडची आसाम सोडून उरलेली सात राज्ये घेऊ: अरुणाचल, नागालँड, मणिपूर, मिझोरम, त्रिपुरा, मेघालय आणि सिक्कीम. या सातांची बेरीज १ कोटी ४५ लाख ६७ हजार होते. त्यात गोवा मिळवले तरी १ कोटी ६० लाखांच्या जरा वर. म्हणजे आठ राज्ये एकत्र केली तरी मुंबईच्या लोकलने जोडलेल्या आठ शहरांपेक्षा ती २३ लाखांहून अधिक माणसांनी कमीच पडतात. पालघर जिल्हा ऑगस्ट २०१४ मध्ये वेगळा होण्याआधीचा एकटा ठाणे जिल्हा १ कोटी १० लाख ६० हजारांचा, देशातला सर्वांत जास्त लोकवस्तीचा जिल्हा होता. उत्तराखंड राज्याची लोकसंख्या त्याहून सुमारे पावणेदहा लाखांनी कमी होती.

याच जनगणनेतली मुंबईची स्वतःची वाढ लक्षात घेण्यासारखी आहे. २००१ ते २०११ मध्ये मुंबई महापालिका क्षेत्राची लोकसंख्या जेमतेम चार टक्क्यांनी वाढून १ कोटी २४ लाख ४२ हजार झाली आणि दक्षिणेकडच्या मुंबई शहर जिल्ह्यात ती चक्क घटली. ठाणे जिल्हा मात्र ३६ टक्क्यांनी वाढला. मुंबई आता खाडीच्या पलीकडे वाढते आहे. साठच्या दशकातल्या नगररचनाकारांनी जे मागितले होते ते चाळीस वर्षांनी आकड्यांत उतरले, फक्त मूळ शहर रिकामे झाले नाही.

शहरे राज्यांपेक्षा मोठी होणे ही काही फक्त भारतातली गोष्ट नाही. अमेरिकेत २०२० च्या जनगणनेनुसार लॉस एंजेलिस काउंटीत १ कोटीहून थोडे अधिक लोक होते आणि ५० पैकी ४० राज्यांची लोकसंख्या त्याहून कमी होती. चीनचे चोंगचिंग सव्वातीन कोटींचे शहर म्हणून सांगितले जाते, पण थेट केंद्राच्या अखत्यारीतल्या त्या ‘शहरा’चे क्षेत्र ८२ हजार चौरस किलोमीटरचे, जवळपास ऑस्ट्रिया देशाएवढे आहे; त्यात डोंगर, शेती आणि शेकडो गावे येतात. शहराचा आकडा वाचताना आधी त्याची हद्द विचारावी, हे चोंगचिंगइतके दुसरे कोणतेही उदाहरण स्पष्ट करत नाही.

मग राज्य कशाने होते? संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार नवे राज्य निर्माण करण्याचा अधिकार संसदेला आहे, पण त्यासाठी किमान लोकसंख्येची कोणतीही अट नाही. मिझोरमचे राज्य होणे हा इतिहासाचा आणि राजकीय तोडग्याचा भाग आहे. मिझो डोंगरांतला दोन दशकांचा सशस्त्र संघर्ष ३० जून १९८६ च्या मिझो करारानंतर थांबला आणि २० फेब्रुवारी १९८७ रोजी मिझोरम राज्य झाले. सिक्कीम १९७५ मध्ये भारतात सामील होण्याआधी राजेशाही होते. गोव्याच्या वेगळेपणामागे साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता आणि महाराष्ट्रात विलीन न होण्याचा १९६७ चा जनमत कौल आहे. ३० मे १९८७ रोजी ते राज्य झाले. भाषा, सीमा, जमात, इतिहास या गोष्टी मोजून राज्याची रेघ ओढली जाते. मिझोरमला म्यानमार आणि बांगलादेश अशा दोन देशांच्या सीमा लागतात. जंगल, पोलीस, शाळा, डोंगरातले रस्ते ही सगळी जबाबदारी त्याच्या सरकारवर आहे. तेवढ्या लोकसंख्येच्या नगराला यातले बरेचसे करावे लागत नाही. त्यामुळे माणसांची संख्या सारखी म्हणून दर्जाही सारखा हवा, असा निष्कर्ष या तुलनेतून काढता येत नाही.

प्रतिनिधित्वाचा प्रश्न मात्र उरतो आणि तो गंभीर आहे. संविधानाच्या १७० व्या अनुच्छेदाने विधानसभेसाठी किमान ६० सदस्य ठरवले आहेत, पण छोट्या राज्यांना त्यातून सूट आहे. अनुच्छेद ३७१-जी नुसार मिझोरमच्या विधानसभेत किमान ४० सदस्य असतात. २०११ च्या लोकसंख्येने एका आमदारामागे २७ हजारांच्या आसपास माणसे येतात. नवी मुंबई महापालिकेच्या क्षेत्रात ऐरोली आणि बेलापूर असे विधानसभेचे दोनच मतदारसंघ आहेत. ते आखले गेले २००१ च्या लोकसंख्येवर, जेव्हा शहरात सात लाख लोक होते आणि महाराष्ट्राची एका जागेमागची सरासरी ३ लाख ३६ हजार होती. त्या वेळी दोन जागा हिशेबात अगदी बरोबर बसत होत्या. २०११ मध्येच एका आमदारामागे ५ लाख ६० हजार माणसे झाली होती, राज्याची सरासरी मात्र ३ लाख ९० हजारच होती. वाढत्या शहराला जुन्या गणनेचा असा तोटा होतो. लोकसभेत मिझोरमचा एक खासदार स्वतंत्रपणे असतो. नवी मुंबईचे दोन्ही मतदारसंघ ठाणे लोकसभा मतदारसंघाचा भाग आहेत.

शहराचा रोजचा कारभार महापालिकेकडे असतो. नवी मुंबईत १११ नगरसेवक निवडले जातात; २०११ च्या आकड्याने प्रत्येकामागे सुमारे दहा हजार माणसे. मिझोरमच्या एका आमदाराकडे नवी मुंबईच्या तीन नगरसेवकांच्या वाट्याएवढीही माणसे नाहीत. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले आणि दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक केली. तरीही मे २०२० मध्ये मुदत संपल्यावर नवी मुंबईत निवडून आलेले सभागृह नव्हते. कारभार प्रशासकाकडे होता आणि निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. कोणत्याही छोट्या राज्यात साडेपाच वर्षे विधानसभा नसती तर तो राष्ट्रीय प्रश्न झाला असता. राज्याएवढ्या शहराच्या बाबतीत तो फार कमी बोलला गेला, याचे वाईट वाटते.

महापालिका काही बाबतीत राज्यासारखी कामेही करते. खालापूरजवळचे मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचे आहे. स्वतःचे धरण असलेल्या महापालिका देशात मोजक्याच आहेत. पण जमीन बऱ्याच अंशी सिडकोच्या हाती, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा औद्योगिक पट्टा एमआयडीसी या औद्योगिक महामंडळाचा, प्रदेशाचे नियोजन एमएमआरडीए या प्रादेशिक प्राधिकरणाचे आणि बंदर केंद्राचे. मिझोरमच्या नागरिकाला दाद मागायची तर राजधानी ऐझॉलला एक सरकार असते. नवी मुंबईत कुठला रस्ता कुणाचा, हे कळायलाच बऱ्याचदा दोन कार्यालये फिरावी लागतात.

जनगणनेचा आकडा काही गोष्टी सांगत नाही. तो राहत्या घराची मोजणी करतो. पहाटे वाशीच्या बाजारात उतरणारे माथाडी कामगार, ट्रकचालक, ऐरोली-महापेच्या कंपन्यांत ठाणे-कल्याणहून येणारे कर्मचारी हे त्यात नसतात. उलट सकाळी मुंबईला जाऊन रात्री परतणारे लाखो नवी मुंबईकर असतात. आकड्याच्या आतली रचनाही वेगळी असते. २०११ मध्ये साक्षरतेचे प्रमाण नवी मुंबईत आणि मिझोरममध्ये ९१ टक्क्यांच्या आसपास, जवळजवळ सारखेच होते. स्त्री-पुरुष प्रमाण मात्र मिझोरममध्ये हजार पुरुषांमागे ९७६ स्त्रिया आणि नवी मुंबईत साडेआठशेहूनही कमी. कामासाठी एकटे आलेले पुरुष, कारखाने, बाजार, बांधकामे यांचे हे शहर असल्याची ही खूण आहे.

२०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन जाहीर झाला आहे आणि ती मोजणी २०११ नंतर तब्बल सोळा वर्षांनी होईल. दरम्यान घणसोली, उलवे, तळोजे या भागांत मोठी वसाहत झाली, जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून न्हावा-शेव्याला जाणारा अटल सेतू खुला झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये पनवेल तालुक्यातील विमानतळाचे उद्घाटन झाले. विमानतळाभोवतीच्या गावांसाठी ‘नैना’ हे वेगळे नियोजन क्षेत्र २०१३ पासून सिडकोकडे आहे. शीळफाट्याकडची १४ गावे महापालिकेत होती, मग वगळली गेली, पुन्हा समाविष्ट करण्याचा निर्णय झाला. २०२७ चा आकडा वाचताना त्यात ही गावे धरली आहेत की नाहीत, पनवेल वेगळी मोजली की एकत्र आणि ‘नैना’तली वस्ती कोणत्या रकान्यात पडली, हे आधी पाहावे लागेल. मिझोरम, अरुणाचल किंवा गोवा यांच्याशी तुलना त्यानंतरच करता येईल.